राहुरीचे टिळक

टिळक म्हटले की महाराष्ट्राला आधी लोकमान्य आठवतात. त्यांच्याच काळात, त्याच रत्नागिरी जिल्ह्यातील चित्पावन घराण्यात जन्मलेले दुसरे एक टिळक होते. मराठी ख्रिस्ती कुटुंबांत आजही त्यांची भजने म्हटली जातात. शाळकरी मुलांना ते फुलामुलांचे कवी म्हणून माहीत असतात. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या आयुष्यातील एक महत्त्वाचा टप्पा राहुरीत पार पडला. राहुरी आणि देवळाली प्रवराचा हा परिसर पुढे ऊस आणि साखर कारखानदारीसाठी ओळखला गेला, पण टिळक येथे आले तेव्हा प्रवरेवरचे भंडारदरा धरण झालेले नव्हते. ते 1926 मध्ये पुरे झाले. पाऊस गेला की माणसे आणि जनावरे उघड्यावर पडत, असा तो काळ होता.

नारायणरावांचा जन्म 1861 मध्ये करजगाव येथे झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत आणि स्वभावाने कठोर, तर आई जानकीबाई कवितेची आवड असलेली. आई गेल्यावर या मुलाने घर सोडले आणि नाशिक गाठले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्याला संस्कृत शिकायला मिळाले. पुढे नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखल्यांची मनकर्णिका त्यांची पत्नी झाली. याच लक्ष्मीबाई टिळक.

गोखल्यांचे घर विलक्षण होते. 1857 च्या धामधुमीत घरातील एका वडीलधाऱ्यास फाशी झाली आणि त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांनी सोवळ्याचा ध्यास घेतला. तो इतका वाढला, की बाहेरून आलेले मीठसुद्धा धुतल्याशिवाय घरात घेतले जात नसे. मीठ धुतले की त्याचे काय होते, हे साऱ्यांना दिसत होते. तरीही घर त्याच नियमाने चालत राहिले. अशा घरातील मुलगी अशा माणसाच्या पदरी पडली, की ज्याला कोणताही नियम कारण विचारल्याशिवाय मान्य होत नव्हता.

टिळकांना एका जागी राहणे कधी जमले नाही. नोकऱ्या धरल्या, सोडल्या. हाती आलेला पैसा हातात राहिला नाही. नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांचे वाचन वाढले. धर्मचर्चेसाठी ‘ऋषी’ नावाचे मासिक त्यांनी चालविले. जातिभेद आणि मूर्तिपूजा त्यांच्या बुद्धीला पटत नव्हती, पण ईश्वरावाचून जगणेही त्यांना शक्य नव्हते. आपणच एक नवा धर्म स्थापावा, असेही त्यांच्या मनात घोळत होते. तेवढ्यात, 1893 मध्ये, राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाशी गाठ पडली. गप्पा कवितेपासून धर्मापर्यंत गेल्या. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने बायबलमधील नव्या कराराची प्रत टिळकांच्या हाती ठेवली आणि दोन वर्षांत ते ख्रिस्ती होतील, असे भाकीत केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले. पुस्तक वाचण्याचे वचन दिले होते, म्हणून वाचले. डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले आणि तेथून पुढे त्यांना हलता येईना.

तरी निर्णयाला दोन वर्षे लागली. पत्रव्यवहार झाला, शंका काढल्या गेल्या. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही परदेशी मिशनऱ्याच्या नव्हे तर भारतीय पाळकाच्या हातून. धर्म बदलला तरी देश बदललेला नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी दाखवायचे होते.

या निर्णयाची किंमत मात्र त्यांच्याइतकीच, किंबहुना अधिक, लक्ष्मीबाईंनी मोजली. त्यांना ही बातमी नंतर कळली. पदरात लहानगा दत्तू, नवरा जिवंत असून नसल्यासारखा, आणि भोवती सहानुभूती व कुत्सितपणा यांची सरमिसळ. पंढरपुरात नातलगांच्या आधाराने त्यांनी दिवस काढले. सत्याचा शोध घेताना टिळकांनी घरातील माणसाला विश्वासात घेतले नाही, ही गोष्ट त्यांच्या चाहत्यांनाही नाकारता येणार नाही. त्यांच्या बाजूने एवढेच म्हणता येते, की त्यांनी दुसरा संसार थाटला नाही आणि पत्नीवर धर्मांतराची सक्ती केली नाही. ते वाट पाहत राहिले.

काही वर्षांनी लक्ष्मीबाई नगरला आल्या, त्या आपले सोवळे बरोबर घेऊनच. वेगळी चूल, वेगळे पाणी. टिळकांनी ते चालू दिले. वादात त्या हरल्या असत्या, पण पटल्या नसत्या. पुढे कोणाशीही वाद न करता त्या स्वतःच विचार करू लागल्या. माणसांतील हे भेद देवाने केले असतील, तर ते पशुपक्ष्यांप्रमाणे देहावर दिसायला हवे होते. ते दिसत नाहीत, म्हणजे ते माणसांनीच केलेले असले पाहिजेत. जिच्या माहेरी मीठ धुतले जाई, ती बाई एवढ्या एका विचारावर कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेऊ लागली. 1900 मध्ये राहुरी येथे त्यांनी आणि दत्तूने बाप्तिस्मा घेतला. पतीला शास्त्रे, ग्रंथ आणि पत्रव्यवहार यांतून जेथे पोहोचायला वर्षे लागली, तेथे त्या स्वयंपाकघराच्या वाटेने पोहोचल्या. मागचा-पुढचा काळ दुष्काळाचा होता. पोरकी झालेली मुले टिळकांच्या घरी येत आणि राहत. त्या घरात आता जात विचारण्याची सोय उरली नव्हती.

टिळक अमेरिकन मराठी मिशनचे काम करीत होते. 1904 मध्ये ते पाळक झाले, 1912 पासून नगरला 1842 मध्ये सुरू झालेल्या ‘ज्ञानोदया’चा मराठी विभाग त्यांनी सांभाळला. ज्ञानोबा-तुकोबांच्या अभंगाचा घाट त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणला. नगरच्या ख्रिस्ती मंडळींत कीर्तनाचा प्रयोग त्यांच्याही आधी झाला होता, पण त्याला खऱ्या कवीचा हात लाभला तो टिळकांचा. बालकवी ठोमरे नगरला त्यांच्या घरी मुलासारखे राहिले आणि हिंदूच राहिले. ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या घरात याचे कोणाला वावडे वाटले नाही, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

ज्या प्रश्नांनी त्यांना एका समाजातून बाहेर काढले, ते प्रश्न दुसऱ्या समाजात आल्यावर थांबले नाहीत. येथील मंडळ्या परदेशी पैशावर आणि परदेशी हुकमतीवर का चालाव्यात, पाश्चात्त्य देशांतील पंथभेद मराठी माणसाने का वाहावेत, पगारी उपदेशकाचे बोलणे लोकांना पगाराचे वाटले तर दोष कोणाचा, हे त्यांचे सवाल होते. मिशनमध्ये त्यांचे चाहते होते, तसे त्रासलेलेही होते. 1917 मध्ये त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. ज्या बाप्तिस्म्यापायी त्यांचे घर पाच वर्षे मोडले होते, तो आता दरबाराच्या दारात अट म्हणून राहिला नाही.

साताऱ्याला त्यांनी आश्रमाची मांडणी केली. दरबाराला घटना, निधी, दुसरी फळी असे काहीच नव्हते. होते ते टिळक. त्यांना वेळही थोडाच मिळाला. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले आणि त्यांच्यामागे दरबार टिकला नाही. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही सुरुवातीच्या काही अध्यायांवर अपुरे होते. ते पुढे लक्ष्मीबाईंनी लिहून पुरे केले. लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरे गिरवायला शिकलेल्या लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून प्रसिद्ध होऊ लागले. टिळकांचा विसरभोळेपणा, तापटपणा आणि थोरपणा यांचे त्याहून नेमके वर्णन दुसरीकडे सापडत नाही.