विल्यम मॉरिस : वस्तू, श्रम आणि सौंदर्य

१. प्रास्ताविक

ही पुस्तिका वाचताना तुमचे लक्ष मजकुराकडे असते, ते साहजिकच आहे. परंतु क्षणभर पानाकडे पाहा. मजकुराभोवती किती समास सोडावा, अक्षरांचे वळण कसे असावे, दोन ओळींत किती अंतर ठेवावे, हे कोणीतरी विचारपूर्वक ठरवलेले असते. हे निर्णय चुकले, तर चांगला मजकूरही वाचताना शीण आणतो. रोजच्या वापरातील वस्तूंची घडण हा कलेचाच प्रांत आहे, असा आग्रह आयुष्यभर धरणाऱ्या विल्यम मॉरिस या इंग्रज कारागीर-कवीचा परिचय आपण येथे करून घेणार आहोत. त्याच्या विचारांइतकीच त्या विचारांतली अडचणही समजून घ्यायची आहे.

२. जडणघडण

मॉरिसचा जन्म १८३४ मध्ये लंडनजवळील वॉल्थमस्टो येथे झाला. वडिलांनी डेव्हन परगण्यातील तांब्याच्या खाणीत पैसा गुंतवला होता आणि त्यातून घराला मोठी संपन्नता लाभली. धर्मोपदेशक होण्याच्या इच्छेने तो १८५३ मध्ये ऑक्सफर्डला गेला. तेथे त्याला एडवर्ड बर्न-जोन्स हा जन्माचा मित्र भेटला आणि जॉन रस्किनचे गॉथिक वास्तुकलेवरील लेखन वाचनात आले. मध्ययुगीन शिल्पांत कारागिराच्या मनाचा मोकळेपणा दिसतो, तर यंत्रयुगातील सफाईदार मालात कामगाराची गुलामी लपलेली असते, हे रस्किनचे प्रतिपादन त्याच्या मनात खोल रुजले. धर्मोपदेशक होण्याचा विचार मागे पडला.

१८५९ मध्ये जेन बर्डनशी विवाह झाल्यावर फिलिप वेब या वास्तुविशारद मित्राने त्याच्यासाठी ‘रेड हाउस’ हे लाल विटांचे घर उभारले. बाजारातील सामान पसंत पडेना, तेव्हा मित्रमंडळींनी भिंती रंगवल्या, पडदे भरतकामाने सजवले, लाकडी सामान घडवले. या उद्योगातूनच १८६१ मध्ये त्यांची व्यवसायसंस्था उभी राहिली.

३. हाताने शिकलेले तत्त्वज्ञान

मॉरिसने आपला विचार प्रथम हातांनी कमावला आणि मग शब्दांत मांडला. जुने भरतकाम उसवून तो टाके शिकला. रासायनिक रंग भडक वाटतात आणि लवकर विटतात, म्हणून लीक या गावी टॉमस वॉर्डलच्या रंगशाळेत जाऊन तो नीळ आणि मंजिष्ठ यांसारख्या वनस्पतिजन्य रंगांचे प्रयोग करू लागला. पिंपात बुडवून त्याचे हात निळे होत.

१८८३ मधील ‘स्ट्रॉबेरी थीफ’ हे छापील कापड या साधनेचे फळ आहे. केल्मस्कॉट येथील बागेतील स्ट्रॉबेरी चोरून खाणारे पक्षी त्यावर दिसतात. आधी संपूर्ण कापड निळीत रंगवायचे, मग लाकडी ठशांनी विरंजक द्रव्य लावून हवा तेथील निळा रंग काढायचा, त्यानंतर तांबडा व पिवळा रंग चढवायचा, अशी ती दीर्घ प्रक्रिया होती.

येथे त्याच्या कलाविचाराचे तीन धागे लक्षात घ्या. पहिला, उपयुक्तता आणि सौंदर्य यांपैकी एकही कसोटी न उतरणारी वस्तू घरात असू नये. दुसरा, नक्षी ही साहित्याच्या स्वभावातून यावी. कापडाने चित्राचे आणि कागदाने लाकडाचे सोंग घेऊ नये. तिसरा धागा सर्वांत महत्त्वाचा : वस्तू करणाऱ्याला ती करताना आनंद मिळाला की नाही, हा प्रश्न तिच्या सौंदर्यापासून वेगळा काढता येत नाही. यंत्राला त्याचा सरसकट विरोध नव्हता. कंटाळवाणे, कष्टाचे काम यंत्राने जरूर करावे. मात्र माणसाला यंत्राचा भाग करू नये, असे त्याचे म्हणणे होते.

४. विचारातील पेच

हाताने, सावकाश, उत्तम साहित्यातून केलेली वस्तू स्वस्त कशी असणार? गवताच्या विणीची ‘ससेक्स’ खुर्ची साधी आणि तुलनेने स्वस्त होती. पण उंची कापडे आणि गालिचे श्रीमंतांच्याच दिवाणखान्यांत गेले. मर्टन ॲबी येथील त्याच्या कार्यशाळेत कामाचे वातावरण पुष्कळ बरे होते. तरीही ठसे मारणारा कामगार दुसऱ्याने रेखलेली नक्षीच पुन्हा पुन्हा उमटवत होता. ज्या खाणीच्या पैशावर त्याचे तारुण्य निर्धास्त गेले, त्या खाणीचे संचालकपदही त्याने काही वर्षे सांभाळले होते.

हा पेच मॉरिसला दिसत होता, म्हणूनच तो आदरास पात्र ठरतो. समाजरचना विषम असेल तर कला मूठभरांचीच राहणार, या निष्कर्षाला येऊन तो १८८३ मध्ये समाजवादी चळवळीत उतरला. पुढे रस्त्यांवर आणि सभागृहांत तो व्याख्याने देत हिंडला. मात्र त्याचा कारखाना चालूच राहिला, आणि त्याच्या आयुष्यात हा पेच सुटला नाही.

५. अखेरचे काम : ग्रंथ

१८९१ मध्ये त्याने केल्मस्कॉट मुद्रणालय सुरू केले. पंधराव्या शतकातील व्हेनिसचा मुद्रक निकोलस जेन्सन याच्या अक्षरांच्या छायाचित्रांचा अभ्यास करून त्याने स्वतःचे खिळे बनवून घेतले. समोरासमोरची दोन पाने हे एकच दृश्य मानून त्याने समास आखले : शिवणीकडे सर्वांत अरुंद आणि तळाशी सर्वांत रुंद. चॉसरच्या समग्र साहित्याचा ग्रंथ १८९६ मध्ये पूर्ण झाला. त्यात बर्न-जोन्सची ८७ चित्रे होती. कागदावर ४२५ प्रती निघाल्या आणि एका प्रतीची किंमत २० पौंड होती. सामान्य वाचकाला तो ग्रंथ विकत घेणे अशक्यच होते. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मॉरिसचे निधन झाले.

६. समारोप

मॉरिसचे ग्रंथ थोड्यांनाच मिळाले. परंतु वाचनीयता ही वाचकाविषयीच्या आदराची खूण आहे, हा त्याचा धडा पुढच्या मुद्रकांनी साध्या, स्वस्त पुस्तकांतही उतरवला. सुबक वस्तू हाती घेताना ती कोणी, कोणत्या स्थितीत केली आणि ती कोणाला परवडते, हे तुम्हीही स्वतःला विचारून पाहा. मॉरिसचे चरित्र अभ्यासण्याचे प्रयोजन तेच आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. मॉरिसच्या कलाविचाराचे तीन धागे स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करा.

२. मॉरिसचा विचार आणि व्यवसाय यांतील विसंगती सोदाहरण लिहा.

३. तुमच्या घरातील रोजच्या वापराची एक वस्तू निवडून मॉरिसच्या कसोट्यांवर तिचे परीक्षण करा.