सिमेंट नाही, पैसा कमी, परवानगी अर्धी; तरीही कावेरीवर धरण कसं उभं राहिलं?

दरवर्षी १५ सप्टेंबरला देशभर अभियंता दिन साजरा होतो. हा सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्मदिवस. हाताशी साधनं नसताना मोठी बांधकामं तडीस नेणं हे त्यांचं खरं काम. ते त्यांनी कसं केलं, समजून घेऊया.

महाराष्ट्राशी नातं काय?

कर्नाटकातल्या मुद्देनहळ्ळी गावात जन्मलेले विश्वेश्वरय्या इंजिनीअर झाले पुण्यात. म्हैसूर संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत शिकले. १८८४ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. नाशिक, खानदेश, पुणे इथे त्यांनी काम केलं.

सक्करमध्ये नदीनंच पाणी कसं गाळलं?

सिंधमधल्या सक्कर शहराला (आता पाकिस्तानात) सिंधू नदीचं गढूळ पाणी मिळायचं. ते गाळण्याची यंत्रणा उभारायला नगरपालिकेकडे पैसे नव्हते. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर घेतली. वाळूतून झिरपताना पाणी आपोआप गाळलं जाऊ लागलं आणि वेगळ्या यंत्रणेचा खर्च वाचला.

खडकवासल्यात भिंत न वाढवता साठा कसा वाढला?

पुण्याला पाणी कमी पडत होतं. पावसाळ्यात मात्र खडकवासल्याच्या सांडव्यावरून पाणी वाहून जायचं. जुनी भिंत उंच करणं खर्चिक आणि जोखमीचं होतं. त्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की दरवाजे आपोआप उघडायचे आणि पातळी उतरली की बंद व्हायचे. मोटार नाही, रात्री-अपरात्री चाकं फिरवायला माणूस नाही. १९०३ मध्ये बसवलेल्या या दरवाजांचं पेटंट त्यांच्या नावावर होतं.

सिमेंटशिवाय धरण कसं बांधलं?

१९०९ मध्ये ते म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता झाले. कावेरीवर धरण बांधायचा त्यांचा प्रस्ताव संस्थानच्या अर्थखात्याला परवडणारा वाटत नव्हता. विश्वेश्वरय्यांनी दिवाण आणि महाराज कृष्णराज वडियार यांना हिशेब पटवून दिला. धरणामुळे सिंचन तर होणारच होतं, शिवाय शिवनसमुद्रच्या वीजकेंद्राला बारमाही पाणी मिळणार होतं. ती वीज कोलारच्या सोन्याच्या खाणी विकत घेत होत्या. म्हणजे धरणातून उत्पन्नही येणार होतं. ऑक्टोबर १९११ मध्ये ८१ लाख रुपये मंजूर झाले आणि पुढच्याच महिन्यात काम सुरू झालं.

देशात तेव्हा सिमेंट जवळपास बनतच नव्हतं आणि आयात सिमेंट महाग होतं. म्हणून दगडी बांधकामासाठी चुना-सुरखीचा माल वापरला गेला. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची पूड. तिच्यातली सिलिका चुन्याशी संयोग पावते आणि हा माल ओलाव्यातही घट्ट होत जातो. सिमेंटच्या तुलनेत तो सावकाश ताकद धरतो. पण दगड, चुना, विटांची माती आणि मजूर जवळपास मिळत होते. सुमारे दहा हजार मजूर या कामावर होते.

परवानगी ११ टीएमसीची, पाया ४१.५ टीएमसीचा

सगळ्यात मोठा डाव इथे होता. कावेरीचं पाणी पुढे मद्रास इलाख्यात जातं, त्यामुळे मद्रासनं हरकत घेतली. म्हैसूरला ४१.५ टीएमसी साठ्याचं धरण हवं होतं; परवानगी मिळाली ११ टीएमसीची. तरीही पाया मोठ्या धरणाच्या हिशेबानं घातला गेला.

कारण तांत्रिक होतं. दगडी धरण स्वतःच्या वजनावर पाण्याचा रेटा थोपवतं. जितकी उंची जास्त, तितका तळ रुंद लागतो. भिंत नंतर वर नेता येते. पण तलाव भरल्यावर तळ रुंद करणं फार अवघड. परवानगी मिळाली नसती, तर पायावरचा जादा खर्च वाया गेला असता. मद्रासबरोबरचा वाद लवादापर्यंत गेला. अखेर १९२४ मध्ये करार झाला आणि १९३१ च्या सुमारास सुमारे १३० फूट उंचीचं कृष्णराजसागर पूर्ण झालं.

विश्वेश्वरय्या तेव्हा पदावर नव्हते. १९१२ मध्ये ते म्हैसूरचे दिवाण झाले होते. मात्र सरकारी नोकऱ्यांत मागासवर्गीयांना राखीव जागा देण्याच्या धोरणाशी मतभेद झाल्यानं त्यांनी १९१८ मध्ये पद सोडलं. पुढची भिंत इतरांनी चढवली, तीही आधीच घातलेल्या पायावर.

किंमत कुणी मोजली?

धरणाखाली कन्नंबाडी आणि आसपासची गावं बुडाली. हजारो लोकांना घरं-शेतं सोडावी लागली. मंड्याची शेती हिरवी झाली, म्हैसूर आणि बंगळुरूला पाणी मिळालं. पण त्या फायद्याच्या हिशेबात उठलेल्या गावांचा उल्लेख क्वचितच होतो.

१९५५ मध्ये विश्वेश्वरय्यांना भारतरत्न मिळालं. वयाची शंभरी ओलांडून १९६२ मध्ये त्यांचं निधन झालं. चुना-सुरखीत बांधलेली ती भिंत आजही कावेरी अडवून उभी आहे आणि बुडालेल्या गावाच्या नावावरून स्थानिक लोक तिला आजही कन्नंबाडीचं धरण म्हणतात.