डॉ. होमी भाभा आणि विरल मृदा

विद्यार्थी मित्रहो, आपल्या वर्धा जिल्ह्यात प्रेसमध्ये रुई दाबून गठाणी बांधतात, हे तुम्ही जाणताच. दाबलेली रुई कमी जागा व्यापते, पण ती रुईच राहते. काही पदार्थांचे मात्र दाबाखाली रूपच पालटते. समॅरियम आणि गंधक यांचे काळे संयुग हवेच्या दाबाच्या सुमारे साडेसहा हजार पट दाबाखाली सोनेरी होते आणि धातूसारखी वीज वाहू लागते. समॅरियमच्या अणूच्या आतील इलेक्ट्रॉन बाहेर पडू लागतो, त्याची संयुजा दोनकडून तीनकडे सरकते आणि अणू आकसतो. १९७० साली अमेरिकेत हा शोध लावणाऱ्यांत ए. जयरामन हे भारतीय शास्त्रज्ञ होते.

समॅरियम, सिरियम, युरोपियम या मूलद्रव्यांना विरल मृदा म्हणतात. आपल्या देशातील त्यांची कहाणी डॉ. होमी भाभा यांच्या जीवनाशी जोडलेली आहे.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. मुलाने इंजिनिअर होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात जावे, अशी वडिलांची इच्छा होती. मुलाचे मन मात्र भौतिकशास्त्रात रमले होते. इंजिनिअरिंगच्या परीक्षेत पहिला वर्ग मिळव, मग पुढील शिक्षणाचा खर्च देतो, अशी वडिलांनी अट घातली. होमींनी १९३० साली केंब्रिजमध्ये ती पुरी केली, वडिलांनीही शब्द पाळला. पुढे विश्वकिरणांवरील संशोधनाने भाभांना जगभर कीर्ती मिळाली.

१९३९ साली ते सुट्टीवर मायदेशी आले असता महायुद्ध सुरू झाले आणि ते इथेच राहिले. १९४५ साली त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली. अणुऊर्जेसाठी थोरियम हवे होते आणि ते केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत होते. त्याच वाळूतून विरल मृदाही निघतात. भाभा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष असताना, १९५० साली, इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९५२ साली आलुवा येथे वाळूवर प्रक्रिया करणारा कारखाना सुरू झाला.

२४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर विमान अपघातात भाभांचे निधन झाले. पण त्यांनी उभारलेली संस्था थांबली नाही. १९८१ साली तेथील ई. व्ही. संपतकुमारन, आर. विजयराघवन आणि सहकाऱ्यांनी युरोपियम, पॅलेडियम व सिलिकॉन यांच्या एका संयुगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे संयुग थंड करत गेल्यास युरोपियमची संयुजा दोनकडून तीनकडे सरकते. दाब वाढवला तरी ती त्याच दिशेने जाते, कारण तीन संयुजेचा अणू लहान असतो.

हे संशोधन भाभांचे नव्हते आणि ते पाहायला ते हयातही नव्हते. ते करणाऱ्यांना प्रयोगशाळा मिळाली, ती मात्र त्यांच्या दूरदृष्टीने. पालकहो, होमींच्या वडिलांनी अभ्यासाची अट घातली, पण वाट मुलाला निवडू दिली. सिंदीच्या घराघरांतही हे व्हावे. आणि विद्यार्थी मित्रहो, ती अट पुरी करण्याची जबाबदारी तुमची आहे.