आइक टर्नर

आइक टर्नर (५ नोव्हेंबर, १९३१ : क्लार्क्सडेल, मिसिसिपी, अमेरिका – १२ डिसेंबर, २००७ : सॅन मार्कोस, कॅलिफोर्निया, अमेरिका) हे अमेरिकन संगीतकार, पियानो व गिटारवादक, वाद्यवृंदप्रमुख आणि ध्वनिमुद्रण-निर्माते होते. पत्नी टीना टर्नर यांच्यासह त्यांनी केलेला वर्किन टुगेदर (१९७०) हा सोल आणि रॉक या शैलींचा मेळ घालणारा अल्बम या जोडीच्या सर्वाधिक यशस्वी अल्बमांपैकी एक होय. रॉक अँड रोलच्या जडणघडणीतील वाट्याबरोबरच पत्नीवर केलेल्या अत्याचारांसाठीही त्यांचे नाव घेतले जाते.

पूर्वायुष्य

आइक यांचा जन्म मिसिसिपीच्या कापूस पिकवणाऱ्या डेल्टा भागात झाला. त्यांचे वडील बाप्टिस्ट धर्मोपदेशक होते. गोऱ्या जमावाने केलेल्या मारहाणीच्या जखमांमुळे वडिलांचा पुढे मृत्यू झाला, असे आइक यांनी सांगितले आहे. ब्लूज पियानोवादक पाइनटॉप पर्किन्स यांच्याकडून ते पियानो शिकले. किशोरवयातच त्यांनी क्लार्क्सडेलच्या रेडिओ केंद्रावर काम केले आणि किंग्ज ऑफ रिदम हा वाद्यवृंद उभारला.

रॉकेट ८८

मार्च १९५१ मध्ये या वाद्यवृंदाने मेम्फिस येथे सॅम फिलिप्स यांच्या स्टुडिओत रॉकेट ८८ हे गीत ध्वनिमुद्रित केले. गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्ये बिघाड झाल्याने त्यातून खरखरीत आवाज येत होता. तो तसाच ठेवला गेला आणि हीच या गीताची ओळख ठरली. रिदम अँड ब्लूजच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर पोहोचले. अनेक अभ्यासक याची गणना आद्य रॉक अँड रोल गीतांमध्ये करतात. मात्र चेस रेकॉर्ड्सने तबकडीवर गायक जॅकी ब्रेन्स्टन यांचे नाव छापले आणि वाद्यवृंदालाही वेगळे नाव दिले. त्यामुळे आइक यांचे नाव श्रोत्यांपर्यंत पोहोचलेच नाही.

टीना टर्नर

१९५४ साली आइक ईस्ट सेंट लुईस येथे स्थायिक झाले. तेथील कार्यक्रमांत ॲना मे बुलक ही तरुणी त्यांच्या वाद्यवृंदासोबत गाऊ लागली. १९६० साली अ फूल इन लव्ह या गीतासाठी ठरलेला गायक न आल्याने ते तिच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाले आणि गाजले. आइक यांनी तिला टीना टर्नर हे नाव दिले व त्याचे हक्क स्वतःकडे नोंदवून घेतले. ती सोडून गेल्यास दुसऱ्या गायिकेला त्याच नावाने उभे करता यावे, हा त्यामागील हेतू होता. १९६२ साली मेक्सिकोतील तिहुआना येथे दोघांचा विवाह झाला.

वर्किन टुगेदर

१९६६ व १९६९ साली रोलिंग स्टोन्ससोबत केलेल्या दौऱ्यांमुळे रॉकचा श्रोतृवर्ग या जोडीकडे वळला. त्यानंतर त्यांनी समकालीन रॉक गीते सोल शैलीत गाण्यास सुरुवात केली. १९७० च्या अखेरीस लिबर्टी रेकॉर्ड्सने प्रकाशित केलेल्या वर्किन टुगेदरमध्ये बीटल्सची गेट बॅक व लेट इट बी ही गीते आहेत. जॉन फोगर्टी यांनी लिहिलेले प्राउड मेरी हे गीत या अल्बममधील सर्वांत गाजलेले ठरले. त्याची सुरुवात संथ असून टीना यांच्या स्वराला आइक यांच्या खर्जाची साथ आहे. पुढे लय अचानक दुप्पट वेग घेते आणि ब्रासवाद्ये व सहगायिका त्यात सामील होतात. १९७१ साली हे गीत अमेरिकेच्या मुख्य यादीत चौथ्या क्रमांकावर पोहोचले आणि त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. अल्बमच्या शीर्षकगीताचे लेखक म्हणून एकी रेनरट हे नाव छापलेले आहे. आइक टर्नर या नावाची इंग्रजी अक्षरे उलट क्रमाने लिहून ते तयार केले होते.

अल्बमचे शीर्षक सहकार्याचे असले तरी कामकाजाची सर्व सूत्रे आणि आर्थिक व्यवहार आइक यांच्याच हाती होते. टीना यांनी आत्मचरित्रात या काळातील सततच्या मारहाणीचे वर्णन केले आहे. आइक यांनी पुढे हात उचलल्याचे मान्य केले, परंतु त्याची तीव्रता नाकारली. कोकेनच्या व्यसनाने परिस्थिती अधिकच बिघडली.

घटस्फोट व उत्तरायुष्य

जुलै १९७६ मध्ये दौऱ्यावर असताना डॅलस येथे टीना हॉटेलमधून निघून गेल्या. १९७८ साली घटस्फोट झाला. टीना यांनी संपत्तीवरील जवळजवळ सर्व दावे सोडले, पण टीना टर्नर हे नाव वापरण्याचा हक्क मिळवला. १९८४ नंतर याच नावाने त्या जगभर प्रसिद्ध झाल्या. आइक यांचा इंगलवूड येथील बोलिक साउंड हा स्टुडिओ आगीत नष्ट झाला. १९९१ साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये या जोडीचा समावेश झाला, तेव्हा ते अमली पदार्थांच्या गुन्ह्यासाठी तुरुंगात होते.

टीना यांच्या आत्मचरित्रावर आधारित व्हॉट्स लव्ह गॉट टू डू विथ इट (१९९३) या चित्रपटानंतर आइक यांची ओळख प्रामुख्याने अत्याचारी पती अशी झाली. १९९९ साली त्यांनी टेकिन बॅक माय नेम हे आत्मचरित्र प्रकाशित केले. आपले नाव परत मिळवणे असा त्या शीर्षकाचा आशय आहे. रायझिन विथ द ब्लूज या अल्बमसाठी त्यांना २००७ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला. रॉकेट ८८ च्या तबकडीवर न छापलेले नाव या वेळी त्यांच्या एकट्याच्या कामासाठी जाहीर झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कोकेनच्या अतिसेवनाने त्यांचा मृत्यू झाला.