सामान्यांच्या घरातला सुतार : बोर्गे मोगेन्सन

कपाट करायचे म्हणजे आधी लाकूड पाहायचे, अशी आपली समजूत. डॅनिश रचनाकार बोर्गे मोगेन्सन यांनी आधी घरातले सदरे मोजले.

मोगेन्सन यांचा जन्म १३ एप्रिल १९१४ रोजी डेन्मार्कमधील ऑल्बोर्ग येथे झाला. १९३४ मध्ये ते सुतारकामात तयार झाले. पुढे कोपनहेगनच्या ललितकला अकादमीत त्यांना कोरे क्लिंट यांच्यासारखे साक्षेपी गुरू लाभले. माणसाचे शरीर आणि त्याच्या वापरातील वस्तू यांची मापे घेऊनच फर्निचरची आखणी करावी, ही क्लिंट यांची शिस्त मोगेन्सन यांनी जन्मभर पाळली.

१९४२ मध्ये देश जर्मन फौजांच्या ताब्यात असताना ग्राहक सहकारी संस्थांच्या महासंघाने आपल्या फर्निचर विभागाची सूत्रे त्यांच्या हाती दिली. तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. लहान घरातल्या सामान्य कुटुंबाला परवडेल असे भक्कम सामान देणे, हे काम होते. १९४७ ची जे-३९ खुर्ची याच विचारातून जन्मली. साधी लाकडी चौकट आणि कागदी दोरीने विणलेली बैठक, एवढाच तिचा थाट. बैठक झिजली तर चौकट तशीच ठेवून ती पुन्हा विणता येते. पुढे ही खुर्ची लोकांची खुर्ची म्हणूनच ओळखली जाऊ लागली.

१९५० मध्ये त्यांनी स्वतःचे कार्यालय थाटले. नंतर ग्रेटे मेयर यांच्यासमवेत त्यांनी साठवणीचा प्रश्न हाती घेतला. एका घरात सदरे किती, काटे-चमचे किती, प्रत्येकाचे माप काय, याची दोघांनी नोंद केली. त्या मापांवरून खणांची व फळ्यांची रुंदी-खोली ठरली आणि सुटे भाग जुळवून भिंतभर उभी करता येणारी कपाटे तयार झाली. अशा रचनेचा लाभ उघड आहे. संसार वाढला की भाग वाढवावेत. एखादी फळी खचली तर सबंध कपाट मोडीत न काढता तेवढी फळी बदलावी.

५ ऑक्टोबर १९७२ रोजी मोगेन्सन निवर्तले. सामान्यांसाठी आखलेल्या त्यांच्या वस्तू आज सामान्यांना सहज परवडत नाहीत, हा काळाचा उफराटा न्याय. त्यांची पद्धत मात्र कोणालाही उचलता येईल. वसतिगृहाच्या खोलीसाठी कपाट सांगण्यापूर्वी आपली पुस्तके आणि कपडे एकदा मोजावेत आणि सुताराला विचारावे : यातली फळी उद्या बदलता येईल ना?