डीॲन आर्बस

डीॲन आर्बस (जन्म : १४ मार्च १९२३, न्यू यॉर्क, मृत्यू : २६ जुलै १९७१, न्यू यॉर्क) या विसाव्या शतकातील एक प्रमुख अमेरिकन छायाचित्रकार होत. रस्त्यात, उद्यानात, सर्कशीत, हॉटेलच्या खोलीत भेटलेल्या अनोळखी माणसांची कृष्णधवल व्यक्तिचित्रे मध्यम आकाराच्या फिल्मवर टिपणे हे त्यांचे मुख्य कार्य. त्यांच्या नावाचे इंग्रजी वर्णलेखन पाहून अनेक जण 'डायना' किंवा 'डायॅन' असा उच्चार करतात. कुटुंबात व मित्रमंडळींत मात्र तो 'डीॲन' असाच होत असे. त्यांच्या हयातीत त्यांचे एकही पुस्तक निघाले नाही, आणि संग्रहालयातील एकच मोठे प्रदर्शन त्यांच्या वाट्याला आले, तेही अन्य दोघांसमवेत. त्यांची कीर्ती प्रामुख्याने मरणोत्तर आहे आणि तिच्याविषयीचा वादही तितकाच जुना आहे.

बालपण व शिक्षण

डीॲन यांचे माहेरचे आडनाव नेमेरॉव्ह. वडील डेव्हिड नेमेरॉव्ह आणि आई गर्ट्रूड. आईच्या माहेरचे, म्हणजे रसेक घराण्याचे, न्यू यॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर 'रसेक्स' नावाचे फरच्या वस्त्रांसाठी प्रसिद्ध असलेले मोठे दुकान होते व वडील त्याच्या कारभारात होते. त्यामुळे १९३० च्या दशकातील महामंदीची झळ या मुलांपर्यंत फारशी पोहोचली नाही. घरात दाया, नोकर व स्वयंपाकी होते. आपण सर्व दुःखांपासून सुरक्षित अंतरावर ठेवले गेलो, ही जाणीव डीॲन यांना पुढे आयुष्यभर बोचत राहिली. त्यांच्या छायाचित्रणामागील ओढ समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. थोरले बंधू हॉवर्ड नेमेरॉव्ह हे पुढे नामवंत कवी झाले. त्यांना १९७८ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. धाकटी बहीण रेने शिल्पकार झाली.

डीॲन यांचे शिक्षण एथिकल कल्चर व फील्डस्टन या शाळांत झाले. चित्रकलेत त्यांना गती होती व शिक्षक कौतुक करीत. पण हे सहज मिळणारे कौतुकच त्यांना खोटे वाटू लागले आणि त्यांनी चित्रकला सोडून दिली. महाविद्यालयात त्या गेल्या नाहीत. वडिलांच्या दुकानातील जाहिरात विभागात काम करणारा ॲलन आर्बस हा तरुण त्यांना किशोरवयातच भेटला होता. वयाची अठरा वर्षे पूर्ण होताच, १९४१ मध्ये, त्यांनी त्याच्याशी विवाह केला. या दांपत्याला दोन मुली झाल्या : डून (१९४५) व एमी (१९५४).

फॅशनचा स्टुडिओ

दुसऱ्या महायुद्धात ॲलन यांनी लष्कराच्या सिग्नल कोअरमध्ये छायाचित्रणाचे प्रशिक्षण घेतले. युद्ध संपल्यावर १९४६ च्या सुमारास पती-पत्नींनी संयुक्त नावाने फॅशन छायाचित्रणाचा व्यवसाय सुरू केला. 'ग्लॅमर', 'व्होग', 'सेव्हन्टीन' या मासिकांसाठी ते काम करीत. प्रत्यक्ष कॅमेरा ॲलन हाताळीत. प्रसंगाची कल्पना, मांडणी व मॉडेलच्या वस्त्रांची नीटनेटकी ठेवण हे डीॲन यांचे काम असे. १९५५ साली न्यू यॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये एडवर्ड स्टायकेन यांनी भरविलेल्या 'द फॅमिली ऑफ मॅन' या गाजलेल्या प्रदर्शनात या दोघांचे एक छायाचित्र होते. व्यवसाय बरा चालला होता, पण दोघांनाही त्यात मनापासून रस नव्हता. १९५६ मध्ये डीॲन यांनी स्टुडिओतील काम सोडले. त्या वर्षी त्यांनी आपल्या एका फिल्मवर क्रमांक १ असा आकडा घातला आणि तेथून पुढे मृत्यूपर्यंत आपल्या निगेटिव्हना त्या क्रमाने आकडे देत गेल्या. तेहेतीस वर्षांची, दोन मुलींची आई असलेली स्त्री पुन्हा एकपासून मोजू लागते, ही नोंद त्यांच्या कोणत्याही चरित्रात महत्त्वाची ठरावी.

लिझेट मॉडेल यांचे मार्गदर्शन

बेरेनिस ॲबट व ॲलेक्सी ब्रोडोविच यांच्याकडे डीॲन काही काळ शिकल्या होत्या; परंतु त्यांच्या खऱ्या गुरू म्हणजे व्हिएन्नात जन्मलेल्या लिझेट मॉडेल. न्यू यॉर्कच्या न्यू स्कूलमध्ये १९५६ पासून मॉडेल यांच्या वर्गाला त्या जाऊ लागल्या. जे पाहण्याचे भय वाटते तेच टिपायला हवे, आणि छायाचित्र जितके नेमके तितके ते सर्वांना लागू पडते, असा काहीसा या शिकवणुकीचा आशय होता. डीॲन स्वभावाने संकोची होत्या. अनोळखी माणसाजवळ जाण्याची त्यांना भीती वाटे आणि त्याच भीतीचे आकर्षणही वाटे. या काळात त्या ३५ मिलिमीटरचा निकॉन कॅमेरा वापरीत. टाइम्स स्क्वेअरजवळचे ह्यूबर्ट्स म्यूझियम, म्हणजे तळघरातील एक जत्रेवजा खेळघर, कोनी आयलंड, चित्रपटगृहांचे पडदे, शवागार अशा ठिकाणी त्यांची भटकंती चाले. 'एस्क्वायर' मासिकाच्या जुलै १९६० च्या अंकात न्यू यॉर्कमधील माणसांची त्यांची पहिली चित्रमालिका प्रसिद्ध झाली.

१९५९ मध्ये पती-पत्नी वेगळे राहू लागले. कायदेशीर घटस्फोट मात्र १९६९ मध्ये झाला. वेगळे झाल्यावरही ॲलन यांच्या स्टुडिओतील डार्करूम डीॲन वापरीत असत. ॲलन पुढे कॅलिफोर्नियात जाऊन अभिनेते झाले.

कॅमेऱ्यातील बदल

१९६२ च्या सुमारास डीॲन यांनी निकॉन बाजूला ठेवून रुंद कोनाचा रोलायफ्लेक्स घेतला आणि त्यांच्या चित्रांचे रूप पालटले. हा बदल तांत्रिक असला तरी त्याचे परिणाम तेवढ्यापुरते राहिले नाहीत, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगणे योग्य होईल.

रोलायफ्लेक्सला एकावर एक अशी दोन भिंगे असतात. वरच्या भिंगातून आलेली प्रतिमा आरशावर परावर्तित होऊन कॅमेऱ्याच्या माथ्यावरील दुधी काचेवर पडते. खालच्या भिंगातून फिल्मवर चित्र उमटते. १२० क्रमांकाच्या एका रोलवर सहा सेंटिमीटर लांब-रुंद अशी बारा चौरस चित्रे निघतात. (आपल्याकडील जुन्या स्टुडिओंतही या धर्तीचे कॅमेरे असत; होमाई व्यारावाला यांनीही रोलायफ्लेक्स वापरला होता.) ३५ मिलिमीटरच्या फिल्मपेक्षा निगेटिव्ह कितीतरी मोठी असल्याने चित्रातील कण दिसेनासे होतात आणि कातडी, कापड, भिंतीचा रंग यांचे पोत वेगवेगळे ओळखू येतात. डीॲन यांना हेच हवे होते. आधीच्या चित्रांतील धूसरपणा प्रारंभी त्यांना आवडत असे. नंतर मात्र वस्तू आणि माणसे जशी आहेत तशी स्पष्ट दिसावीत असा ध्यास त्यांनी घेतला.

दुसरा परिणाम माणसांशी असलेल्या नात्यावर झाला. साधा कॅमेरा डोळ्याला लावला की छायाचित्रकाराचा चेहरा झाकला जातो. हा कॅमेरा कमरेशी धरून त्यात वाकून पाहावे लागते, आणि मान वर केली की समोरच्या माणसाशी थेट दृष्टादृष्ट होते, बोलता येते. चोरून चित्र काढणे अशा यंत्राने अवघडच. समोरच्याला थांबावे लागते, आपले चित्र काढले जात आहे हे त्याला ठाऊक असते. आर्बस यांच्या चित्रांतील माणसे चौकटीच्या मध्यभागी उभी राहून सरळ आपल्याकडे पाहतात ती यामुळे.

पुढे १९६५ च्या सुमारास त्यांनी मामिया सी-३३ हा याच जातीचा, पण भिंगे बदलता येणारा व बराच जड कॅमेरा घेतला. त्याला जोडलेला फ्लॅश त्या भर दिवसाही वापरीत. त्यामुळे माणूस पार्श्वभूमीपासून सुटा होतो आणि सावलीत लपलेले सारे उजेडात येते. कडक, निर्दय वाटणाऱ्या या प्रकाशाविषयी पुढे बरेच लिहिले गेले. प्रिंट काढताना निगेटिव्हच्या कडा न छाटता सभोवारची वेडीवाकडी काळी किनार तशीच ठेवण्याची प्रथाही त्यांनी याच काळात अंगीकारली.

अनोळखी माणसे

त्यांची पद्धत बहुधा ठरलेली असे. रस्त्यात कोणी लक्ष वेधून घेतले की त्या थांबवून परवानगी मागत, गप्पा मारीत आणि शक्य झाल्यास त्या माणसाच्या घरी जात. सर्कशीतील कलावंत, स्त्रीवेष धारण करणारे पुरुष, जुळी भावंडे, विधवा, नृत्यस्पर्धक, युद्धसमर्थक मोर्चातील तरुण, बाकावर बसलेली साधी जोडपी अशी ही यादी लांबत जाते. नग्नवाद्यांच्या वसाहतीत चित्रे काढताना त्यांनी तेथील नियम पाळून स्वतःही वस्त्रे उतरविली होती. १९६३ व १९६६ अशी दोनदा त्यांना गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली. अमेरिकन लोकांच्या रूढी, रीती व समारंभ यांची नोंद करणे हा पहिल्या प्रकल्पाचा विषय होता. उपजीविकेसाठी मात्र 'एस्क्वायर', 'हार्पर्स बझार' व लंडनच्या 'संडे टाइम्स मॅगझिन'ची कामे करावी लागत आणि पैशांची ओढाताण कधी संपली नाही.

त्यांचे एक अतिशय परिचित चित्र सेंट्रल पार्कमध्ये १९६२ साली काढलेले आहे. हातात खेळण्यातला हातबाँब घेतलेला किडकिडीत मुलगा, खांद्यावरून घसरलेला पट्टा, पंज्यासारखा आखडलेला दुसरा हात आणि वेडावलेला चेहरा. त्याच रोलवरील अन्य चित्रे आता उपलब्ध आहेत. त्यांत हाच मुलगा हसतो, कमरेवर हात ठेवून उभा राहतो आणि अगदी सामान्य दिसतो. आर्बस यांनी निवडले ते एकच. छायाचित्रात सत्य किती आणि निवड किती, हा प्रश्न विद्यार्थ्यांना समजावून सांगण्यास याहून चांगले उदाहरण क्वचित सापडेल.

न्यू जर्सीतील रोझेल गावी जुळ्यांच्या एका मेळाव्यात टिपलेल्या दोन मुलींचे १९६७ चे चित्रही असेच सर्वतोमुखी झाले. सारखाच पोशाख, सारखेच केशबंध; परंतु एकीच्या ओठांवर पुसटसे हसू आहे आणि दुसरीचे ओठ मिटलेले आहेत. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या 'द शायनिंग' या चित्रपटातील दोन मुलींचा संबंध या चित्राशी नेहमी जोडला जातो. १९७० मधील चित्रात असामान्य उंचीचा एडी कार्मेल ब्राँक्समधील आपल्या घरी काठी टेकून, छताखाली वाकून उभा आहे आणि त्याचे आईवडील मान वर करून त्याच्याकडे पाहत आहेत. कार्मेलशी आर्बस यांची ओळख जवळजवळ दहा वर्षांची होती. हवे तसे चित्र मिळेपर्यंत त्या त्याच्याकडे परत परत गेल्या. एका भेटीत ओरबाडून नेलेले हे चित्र नव्हे, हे टीकाकारांनी सहसा लक्षात घेतलेले नाही.

'न्यू डॉक्युमेंट्स' (१९६७)

म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमधील छायाचित्रण विभागाचे प्रमुख जॉन झारकोव्स्की यांनी २८ फेब्रुवारी १९६७ पासून 'न्यू डॉक्युमेंट्स' हे प्रदर्शन भरविले. त्यात आर्बस यांच्याबरोबर ली फ्रीडलँडर व गॅरी विनोग्रँड यांची चित्रे होती. समाज सुधारावा म्हणून चित्रे काढणाऱ्या मागील पिढीपेक्षा ही पिढी निराळी आहे, तिला जग केवळ जाणून घ्यायचे आहे, अशी झारकोव्स्की यांची भूमिका होती. आर्बस यांची चित्रे स्वतंत्र दालनात लावलेली होती. प्रेक्षकांपैकी काही जण या चित्रांवर थुंकत आणि सकाळी दार उघडण्यापूर्वी त्या पुसाव्या लागत, असे संग्रहालयातील एका कर्मचाऱ्याने नंतर सांगितले.

अखेरची वर्षे

१९६६ व १९६८ मध्ये त्यांना कावीळ झाली व प्रकृती खालावली. नैराश्याचे झटके पूर्वीपासून येतच होते. १९६९ पासून त्या न्यू जर्सीतील मतिमंद प्रौढांच्या निवासी संस्थांत जाऊ लागल्या. मुखवटे व चादरी पांघरून उघड्या माळावरून चाललेल्या तेथील स्त्रीपुरुषांची चित्रे त्यांच्या साऱ्या कामात सर्वांत मृदू आहेत. त्यांना शीर्षकही नाही. मात्र संमतीचा प्रश्न येथेच सर्वांत अवघड होतो. बाकावरचे जोडपे नकार देऊन उठून जाऊ शकत होते. या निवासींना चित्र म्हणजे काय आणि ते कोठे जाणार याची कल्पना कितपत होती? मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी, १९९५ मध्ये, ही चित्रे पुस्तकरूपाने आली.

१९७० मध्ये त्यांनी दहा निवडक चित्रांची, पारदर्शक पेटीतील एक संचिका तयार केली. पन्नास प्रती काढण्याचा बेत होता. त्यांच्या हयातीत फक्त चार विकल्या गेल्या. त्यांपैकी दोन छायाचित्रकार रिचर्ड ॲव्हेडन यांनी, एक चित्रकार जॅस्पर जोन्स यांनी आणि एक कलासंचालिका बी फाइटलर यांनी घेतली. मे १९७१ मध्ये 'आर्टफोरम' या कला-मासिकाने त्यांचे चित्र मुखपृष्ठावर छापले. त्याच वर्षी २६ जुलै रोजी वेस्टबेथ या कलावंतांच्या वसाहतीतील आपल्या घरी त्यांनी आत्महत्या केली. त्या वेळी त्या ४८ वर्षांच्या होत्या.

मृत्यूनंतर

१९७२ च्या व्हेनिस द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांची चित्रे मांडली गेली. अमेरिकेच्या वतीने तेथे स्थान मिळालेल्या त्या पहिल्या छायाचित्रकार. त्याच वर्षी म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टने झारकोव्स्की यांच्याच हस्ते त्यांच्या समग्र कार्याचे प्रदर्शन भरविले व त्यास प्रचंड गर्दी झाली. कन्या डून आणि कलासंचालक मार्व्हिन इझ्रेल यांनी संपादित केलेला ८० चित्रांचा ग्रंथ 'ॲपर्चर'ने प्रसिद्ध केला. तो आजही छापला जातो.

सर्वांत कठोर टीका सूझन सॉन्टॅग यांनी १९७३ मध्ये केली. पुढे ती त्यांच्या 'ऑन फोटोग्राफी' (१९७७) या ग्रंथात समाविष्ट झाली. सुखवस्तू घरातील स्त्री दुर्दैवी माणसांकडे प्रवासी म्हणून जाते, त्यांची वेदना वाटून न घेता त्यांना विचित्र ठरविते आणि पाहणाऱ्याची संवेदना बोथट करते, असा त्या आक्षेपाचा सारांश. बाजूने बोलणारे असे दाखवून देतात की आर्बस यांच्या चौकटीत वेस्टचेस्टरच्या हिरवळीवर पहुडलेले धनिक जोडपे (१९६८) सर्कशीतल्या बुटक्या कलावंतापेक्षा अधिक एकाकी दिसते. तो कलावंत आपल्या पलंगावर टोपी घालून निवांत बसलेला असतो. प्रस्तुत लेखकाला दुसरा पक्ष अधिक पटतो. निवासी संस्थेतील चित्रांपुरता मात्र आक्षेप पुरता खोडून काढता येत नाही.

निगेटिव्ह, प्रिंट, दैनंदिन्या व पत्रे यांचा त्यांचा संग्रह २००७ मध्ये न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्यूझियमकडे आला. प्रारंभीच्या ३५ मिलिमीटर चित्रांचे स्वतंत्र प्रदर्शन त्या संग्रहालयाने २०१६ मध्ये भरविले. बी फाइटलर यांनी विकत घेतलेली संचिका आता वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्यूझियममध्ये आहे. आर्बस यांनी तीत खास फाइटलर यांच्यासाठी एक अकरावे चित्र घातले होते.