संत ऑगस्टिन आणि न पुरणारा वेळ



ऑगस्ट महिन्याच्या २७ तारखेला संत मोनिका आणि लगेच दुसऱ्या दिवशी, २८ तारखेला, त्यांचे पुत्र संत ऑगस्टिन ह्यांचा सण येतो. आईचे अश्रू, मुलाचे भरकटलेले तारुण्य आणि शेवटी झालेले परिवर्तन ही कथा आपण प्रवचनांतून अनेकदा ऐकली आहे. बहुतेक वेळा ती कथा परिवर्तनापाशीच संपते. परंतु त्यानंतर ऑगस्टिन आणखी ४४ वर्षे जगले. ही सारी वर्षे त्यांनी काम, अभ्यास, मित्र आणि सेवाकार्य ह्यांच्या ओढाताणीत काढली. वेळ मिळत नाही, ही आज घरोघरी ऐकू येणारी तक्रार त्यांचीही होती. म्हणून आज त्यांच्या जीवनाकडे ह्या बाजूने पाहू या.

ऑगस्टिन ह्यांचा जन्म १३ नोव्हेंबर ३५४ रोजी उत्तर आफ्रिकेतील थगास्ते ह्या गावी झाला. हे ठिकाण आज अल्जीरिया देशात आहे. वडील पॅट्रिशियस ह्यांची थोडीफार जमीन होती, पण मुलाला शिकवण्याइतका पैसा हाती नव्हता. फीची सोय होईना म्हणून सोळाव्या वर्षी ऑगस्टिन ह्यांना वर्षभर घरी बसावे लागले. पुढे रोमानियानस नावाच्या गावच्या श्रीमंत गृहस्थाने हात दिला आणि ते कार्थेजला शिकायला गेले. एकोणिसाव्या वर्षी सिसेरो ह्या रोमन पंडिताचा एक ग्रंथ त्यांच्या वाचनात आला आणि सत्य शोधण्याची ओढ लागली. तो शोध त्यांना आधी मानी पंथाकडे घेऊन गेला आणि सुमारे नऊ वर्षे ते तिथे रेंगाळले. ह्याच काळात एका स्त्रीबरोबर त्यांचा संसार सुरू झाला व आदेओदातस हा मुलगा झाला.

पोटासाठी ते वक्तृत्वशास्त्र शिकवीत. कार्थेजचे विद्यार्थी दंगेखोर म्हणून ते ३८३ साली रोमला गेले. रोमचे विद्यार्थी शांत होते, पण फी भरायची वेळ आली की गुरू बदलत! अखेर ३८४ साली मिलान शहरात त्यांना सरकारी नेमणूक मिळाली. बादशहाचा दरबार त्या शहरात होता. तिशीतल्या खेडेगावच्या तरुणाने आणखी काय मागावे?

मिलानमधील त्यांचा दिवस कसा जाई हे त्यांनीच आपल्या आत्मनिवेदनात लिहून ठेवले आहे. सकाळचा सारा वेळ विद्यार्थ्यांना द्यायचा. दुपारी वजनदार ओळखीच्या लोकांकडे जायचे, कारण बढतीसाठी त्यांची मर्जी हवी. राहिलेल्या वेळात उद्याच्या शिकवणीची तयारी आणि थोडी विश्रांती. मग आत्म्याचा विचार कधी करायचा? पुस्तके कधी मिळवायची आणि वाचायची कधी? तिथले बिशप संत आंब्रोज ह्यांच्याशी मोकळेपणी बोलावे असे त्यांना फार वाटे, पण तिथेही तीच अडचण. आंब्रोज ह्यांच्याभोवती अडल्यानडल्यांची सतत रीघ असे. थोडी उसंत मिळाली की ते मुकाट्याने वाचत बसत. दार कोणालाही बंद नव्हते. ऑगस्टिन आत जाऊन बसत, वाचनात गढलेल्या बिशपांकडे पाहत आणि त्यांना त्रास नको म्हणून न बोलता परत येत.

एकदा बादशहाच्या स्तुतीचे भाषण करायला निघाले असताना रस्त्यात त्यांना एक भिकारी दिसला. चार पैशांची दारू पिऊन तो खुशीत हसत होता. ऑगस्टिन मात्र खोट्या स्तुतीच्या चिंतेने पोखरलेले होते. आपण एवढी धडपड करून जे मिळवू पाहतो ते ह्याला फुकट मिळाले आहे, हा विचार त्यांच्या मनाला चटका लावून गेला. दहाएक मित्रांनी मिळून पैसाअडका एकत्र करावा, दरवर्षी दोघांनी व्यवहार पाहावा आणि बाकीच्यांनी निवांत चिंतन करावे, असाही बेत झाला. पण घरच्या बायकांना हे चालेल का, हा प्रश्न निघाला आणि बेत तिथेच मोडला. उत्कर्षाच्या ह्याच धावपळीत एक घाव पडला. प्रतिष्ठित घरातील मुलीशी लग्न ठरवण्यासाठी त्यांच्या मुलाच्या आईला आफ्रिकेला परत पाठवण्यात आले. ऑगस्टिन ह्यांचे काळीज त्यामुळे फाटले, पण तिचे नाव मात्र त्यांनी कुठेही लिहून ठेवले नाही. महत्त्वाकांक्षेची किंमत कधी कधी दुसऱ्यालाच मोजावी लागते.

३८६ च्या उन्हाळ्यात मिलानच्या एका बागेत संत पौलाच्या पत्रातील उतारा वाचून त्यांच्या मनाची ओढाताण संपली. तरी त्यांनी नोकरी लगेच सोडली नाही. द्राक्षतोडणीच्या सुट्टीला वीसेक दिवस उरले होते. तेवढे दिवस गाजावाजा न करता त्यांनी शिकवले आणि मग राजीनामा दिला. छातीचा आजारही जडला होताच. वेरेकुंडस नावाच्या मित्राने आपले कासिसियाकम येथील शेतावरचे घर त्यांना दिले. आई मोनिका, मुलगा, भाऊ, मित्र अलिपिअस, दोन तरुण विद्यार्थी आणि काही नातेवाईक असा मेळा तिथे जमला. चर्चा चालायच्या आणि लघुलेखक त्या उतरवून घ्यायचा. १३ नोव्हेंबरला, वाढदिवसाच्या निमित्ताने, खरे सुख कशात आहे ह्यावर तीन दिवस चर्चा झाली. मोनिका काही शाळेत शिकलेल्या नव्हत्या, पण त्यांची उत्तरे ऐकून लेक थक्क झाला.

पुढच्या वर्षी, ३८७ च्या ईस्टरच्या रात्री, आंब्रोज ह्यांच्या हस्ते ऑगस्टिन, त्यांचा मुलगा आणि अलिपिअस ह्यांना बाप्तिस्मा मिळाला. त्याच वर्षी मायदेशी परतताना ओस्तिया बंदरात मोनिका वारल्या. ३८८ साली ऑगस्टिन थगास्तेला पोहोचले. मित्रांसह प्रार्थना आणि अभ्यासाचे शांत जीवन सुरू झाले. पण थोड्याच वर्षांत मुलगा गेला आणि नेब्रिडियस हा जिवलग मित्रही गेला. दोघांनी एकाच ठिकाणी राहावे असे नेब्रिडियसला फार वाटे आणि तो पत्रातून तशी तक्रारही करी. ती इच्छा राहूनच गेली.

३९१ साली ऑगस्टिन हिप्पो ह्या बंदराच्या शहरी गेले. जिथे बिशपची जागा रिकामी आहे अशा गावी जायचे ते टाळत, कारण लोक धरून बिशप करतील ही भीती होती. हिप्पोला वालेरियस हे बिशप होते, म्हणून ते निर्धास्त होते. पण वृद्ध वालेरियस ह्यांना मदतनीस धर्मगुरू हवा होता. चर्चमध्ये लोकांनी ऑगस्टिन ह्यांना धरून पुढे नेले आणि गुरुदीक्षा द्यायला लावली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. काहींना वाटले, एकदम बिशप केले नाही म्हणून हा रडतो आहे!

ह्यानंतर त्यांनी केलेली एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्यांनी वालेरियस ह्यांना पत्र लिहून ईस्टरपर्यंत सवड मागितली. तत्त्वज्ञानाचा एवढा मोठा अभ्यास केलेला हा माणूस सांगत होता की, लोकांच्या तारणासाठी पवित्र शास्त्र कसे वापरावे हे मला अजून शिकायचे आहे. विश्रांतीसाठी त्यांनी रजा मागितली नाही. लोकांना रिकाम्या हातांनी सामोरे जाऊ नये म्हणून त्यांनी वेळ मागितला.

पुढे ३९५-९६ च्या सुमारास ते बिशप झाले आणि कामाचा पूर आला. त्या काळी बिशपला न्यायनिवाड्याचाही अधिकार असे. जमीन, वारसा, कर्ज अशी भांडणे घेऊन लोक येत. ख्रिस्ती येत तसे इतर धर्मांचेही येत. कधी जेवणाच्या वेळेपर्यंत, कधी उपाशीपोटी दिवसभर ते बसून राहत. मित्रांपेक्षा अनोळखी लोकांचा निवाडा करणे त्यांना बरे वाटे, कारण अनोळखी दोघांपैकी एक जण तरी मित्र होतो, पण दोन मित्रांपैकी एकाला मात्र आपण गमावून बसतो! ठरावीक तास हातांनी कष्ट करावेत आणि उरलेला वेळ वाचन-प्रार्थनेत घालवावा, हे आपल्याला जास्त आवडले असते, असे त्यांनी मठवासींसाठी लिहिलेल्या पुस्तकात नमूद केले आहे. तरीही त्यांनी हे काम टाकले नाही.

त्यांच्या घरी जेवणाला पाहुणे नेहमी असत. पाठीमागे कोणाची निंदा करणाऱ्याने इथे बसू नये, अशा अर्थाच्या ओळी त्यांनी जेवणाच्या मेजावर कोरून घेतल्या होत्या. एकदा पाहुणे बिशपच हा नियम विसरले. तेव्हा एक तर ह्या ओळी पुसा, नाहीतर मी उठून जातो, असे त्यांनी बजावले. मित्र दूर दूर बिशप होऊन गेले होते. अलिपिअस थगास्तेला, पोसिडियस कलामाला. मैत्री पत्रांवर जगत होती, आणि पत्रांचा काही भरवसा नसे. बेथलेहेम येथे राहणाऱ्या संत जेरोम ह्यांना लिहिलेले एक पत्र वाटेतच राहिले. ते इटलीत लोकांच्या हाती फिरू लागले, पण जेरोम ह्यांच्याकडे काही पोहोचेना. हा आपल्या पाठीमागे टीका करतो, असा जेरोम ह्यांचा समज झाला आणि तो दूर करायला बरीच वर्षे लागली.

पुस्तकांचेही तसेच. पवित्र त्रैक्यावरचा ग्रंथ त्यांनी सुमारे ४०० साली हाती घेतला. तो अर्धवट असतानाच काही उतावीळ लोकांनी न विचारता त्याच्या नकला करून नेल्या. ऑगस्टिन ह्यांचा इतका विरस झाला की ते काम बाजूला पडले. मित्रांच्या आग्रहाखातर ते पुन्हा बसले आणि पंधरा भाग पुरे होईपर्यंत वीसेक वर्षे गेली. तरुणपणी सुरू केलेला ग्रंथ म्हातारपणी हातावेगळा झाला. 'देवाचे नगर' ह्या २२ भागांच्या ग्रंथालाही ४१३ पासून सुमारे १३ वर्षे लागली.

मध्यंतरी धर्मसभांनी पवित्र शास्त्राच्या अभ्यासाचे काम त्यांच्यावर सोपवले. त्यासाठी आठवड्याचे पाच दिवस त्यांना मोकळे द्यावेत, असा करार हिप्पोच्या लोकांशी झाला. लोकांनी होकार दिला, थोडे दिवस पाळलाही, आणि मग पुन्हा दारात गर्दी सुरू झाली. धर्मग्रामात राहणाऱ्या कोणालाही ह्याचे नवल वाटू नये!

२६ सप्टेंबर ४२६ रोजी, वयाच्या ७१ व्या वर्षी, त्यांनी लोकांना चर्चमध्ये बोलावले. एराक्लियस हा तरुण धर्मगुरू आपल्यानंतर बिशप व्हावा, अशी इच्छा सांगितली. लोकांनी जयघोष केला. कोणती घोषणा किती वेळा झाली हेसुद्धा लघुलेखकांनी लिहून ठेवले आहे. मग ऑगस्टिन ह्यांनी पूर्वीच्या कराराची आठवण करून दिली आणि विनंती केली की, आता तरी तुमची कामे एराक्लियसकडे न्या. माझा सल्ला लागला तर मी आहेच. उरलेले आयुष्य मी आळसात घालवणार नाही, असाही शब्द त्यांनी दिला.

मिळालेल्या वेळात त्यांनी काय केले? आपल्याच लिखाणाची मागची थकबाकी काढली. जन्मभर लिहिलेली पुस्तके क्रमाने वाचून, कुठे चुकले, कुठे घाईने लिहिले, कुठे लोकांचा गैरसमज होईल, ह्याची नोंद करायला सुरुवात केली. ९३ ग्रंथ, एकूण २३२ भाग! पत्रे आणि प्रवचने तपासायची राहिली होती. तेवढ्यात एक्लानमचा ज्युलियन ह्या विरोधकाने त्यांच्याविरुद्ध लिहिलेली पुस्तके अलिपिअसने रोमहून पाठवायला सुरुवात केली. मग दिवसा एक काम आणि रात्री दुसरे, असा क्रम चालू झाला. पत्रे आणि प्रवचनांची तपासणी राहिली ती राहिलीच. ज्युलियनला द्यायचे उत्तरही अपुरे राहिले.

४२९ साली व्हँडल टोळ्या आफ्रिकेत उतरल्या. शहरे जळाली, चर्चेस ओस पडली. ४३० च्या उन्हाळ्यात हिप्पोला वेढा पडला. वेढ्याच्या तिसऱ्या महिन्यात ऑगस्टिन तापाने अंथरुणाला खिळले. दावीदाची प्रायश्चित्ताची स्तोत्रे मोठ्या अक्षरांत लिहून त्यांनी समोरच्या भिंतीवर लावून घेतली. शेवटच्या दहा दिवसांत त्यांनी आणखी एकदा सवड मागितली. वैद्य येतील तेव्हा आणि जेवण आणतील तेव्हाच दार उघडावे, एरवी कोणी आत येऊ नये. ते स्तोत्रे वाचत आणि रडत. २८ ऑगस्ट ४३० रोजी त्यांनी देह ठेवला. मृत्युपत्र केले नाही, कारण मागे ठेवायला मालमत्ताच नव्हती. चर्चचे ग्रंथालय तेवढे जपा, एवढीच त्यांची सूचना होती.

बंधू-भगिनींनो, ऑगस्टिन ह्यांची कामे शेवटपर्यंत उरकली नाहीत. तरी त्यांनी लोकांना अडथळा मानले नाही आणि आपला सगळा वेळही निमूटपणे लोकांच्या हवाली केला नाही. अभ्यासासाठी, चिंतनासाठी आणि शेवटी मरणाच्या तयारीसाठी त्यांनी उघडपणे, नम्रपणे वेळ मागितला आणि आपल्या जागी दुसऱ्याला उभे केले. लग्नसराई, परीक्षा, शेतीची कामे, संघटनांच्या सभा ह्यांत आपलाही हंगाम असाच निघून जातो. अशा वेळी घरच्यांकडून रात्रीच्या प्रार्थनेसाठी अर्धा तास मागून घेण्यात कसली लाज? बरीच वर्षे पत्र न लिहिलेल्या एखाद्या मित्राची आठवण काढणे, चर्चमधील एखादी जबाबदारी तरुणाकडे सोपवून त्याच्या पाठीशी उभे राहणे, हेही आपल्याला जमण्यासारखे आहे. आणि जे राहून जाईल ते राहू द्यावे. ऑगस्टिन ह्यांनीही आपले अपुरे पुस्तक तसेच ठेवून, भिंतीवरच्या स्तोत्रांकडे पाहत, देवाघरची वाट धरली.